फाईल जुनी, वाद्यं नवी

ऑर्केस्ट्रात बारा वर्षं कीबोर्ड वाजवला. आता घरी बसून गाण्यांचे ट्रॅक करतो. जुन्या मिडी फाईलींना सॅम्पलची वाद्यं लावताना जे चटके बसले, ते असे.

१. पहिल्यांदा सॅलामँडर ग्रँड पियानो उतरवून घेतला. फुकट मिळतो. यामाहाच्या खऱ्या सी-५ पियानोचं रेकॉर्डिंग, अलगद बोटापासून जोराच्या ठोक्यापर्यंत व्हेलॉसिटीचे १६ थर. मोठ्या आशेने एका फाईलला लावला, तर पियानोवर कोणीतरी टंकलेखनाची परीक्षा देतंय असं वाटलं. फाईल उघडून पाहिली. प्रत्येक सुराची व्हेलॉसिटी १००! म्हणजे १६ थरांतला एकच थर वाजत होता. मिडीत आवाज नसतोच. कुठला सूर, कधी, किती जोरात, एवढ्याच सूचना. कॉम्प्युटरच्या पिपाणी आवाजात हा सपाटपणा खपून गेला होता. दोन संध्याकाळी बसून समेचे सूर १०५च्या आसपास ठेवले, मधले ६०-७०वर आणले, डावा हात त्याहून खाली. मग कुठे पियानोसमोर माणूस बसला.

२. व्हायोलिनच्या ताफ्याला ही मात्रा चालत नाही. सॅम्पलच्या बऱ्याच लायब्ररींत लांब सुराचा चढ-उतार मॉड्युलेशन व्हीलवर असतो आणि जुन्या फाईलीत त्याचा पत्ताच नसतो. फाईल वाजू द्यायची आणि आपण व्हील फिरवत ते रेकॉर्ड करायचं. माउसने रेघा ओढू नका, यांत्रिकच वाटतं. शिवाय गज सुरावर हळू चढतो, त्यामुळे ताफा तालात मागे पडतो. मी तो ट्रॅक ८० मिलिसेकंद आधी सरकवतो. आकडा प्रत्येक लायब्ररीचा वेगळा, कानानेच ठरवायचा.

३. रिव्हर्ब एकच ठेवा. पियानो हॉलमध्ये आणि बासरी न्हाणीघरात, असं माझं वर्षभर चाललं होतं.

४. मींड बेसूर झाली तर पिच बेंडची रेंज बघा. फाईल सहसा दोन सेमिटोन धरून केलेली असते. लायब्ररीत बारा असली की शहनाई गावभर फिरून येते.

५. १९९१च्या जनरल मिडीत १२८ वाद्यं आहेत. सतार १०५वी, शहनाई ११२वी. तबला नाही. ताल दहाव्या चॅनेलवर, तोही ड्रमसेटचा: ३६ नंबरचा सूर म्हणजे बेस ड्रम, ३८ स्नेअर. त्यावर मी थेट तबल्याची लायब्ररी लावली आणि केरव्यात ‘धा’च्या जागी ‘तिट’ वाजलं. गायिका हसून खाली बसली. एकेक बोल हाताने जुळवला, घिस्सा बेंडने काढला, आठवडा गेला. ऐकून आमचे तबलजी म्हणाले, “दादा, बोल बरोबर आहेत, पण हात कुणाचाय?”

आता तबल्यासाठी त्यांनाच बोलावतो. तासाभरात काम होतं, चहासकट.