कुटुंब परदेशीं सुवार्तेस निघतें तेव्हां

मंडळीच्या अभ्यासाचा धडा

वाचावयाचे शास्त्रभाग : उत्पत्ति १२:१-९, प्रेषितांचीं कृत्यें १३:१-५ व १८:१-४, १८-२६, रोमकरांस पत्र १६:३-५.

घरच्या उपासनेसाठीं : सोमवार, लूक १४:२५-३३. मंगळवार, रूथ १. बुधवार, १ शमुवेल ४:१२-२२. गुरुवार, फिलेमोनास पत्र. शुक्रवार, फिलिप्पैकरांस पत्र ४:१०-२०. शनिवार, योहानाचें तिसरें पत्र.

प्रस्तावना

कारंजा तालुक्यांतील कामरगांवासारख्या एखाद्या गांवची लहानशी मंडळी डोळ्यांपुढें आणा. रविवारची उपासना आटोपली आहे, आणि एक तरुण शेतकरी व त्याची बायको उठून सांगतात कीं, सुवार्तेच्या सेवेसाठीं परमेश्वर आम्हांस मुलांबाळांसह परदेशीं बोलावीत आहे. मंडळीनें प्रार्थना करून आम्हांस पाठवावें. हें ऐकून कोणाच्या डोळ्यांस आनंदानें पाणी येईल. कोणी म्हणेल, "यांस वेड लागलें. चार एकर कपाशीचें रान, घरीं म्हातारी आई, पदरीं दोन मुलें. हें सर्व टाकून चालले तरी कोठें?" आणि बहुतेक लोक कांहींच न बोलतां घरीं जातील, कारण अशा वेळीं काय बोलावें हें त्यांस कोणी शिकविलेलें नसतें. आनंद करणारा, दोष देणारा व मुकाट्यानें घरीं जाणारा, या तिघांनींहि आजचा धडा लक्षपूर्वक वाचावा.

१. आपणांकडेहि कोणी तरी आलें

आपणांस सुवार्ता मिळाली ती घरदार सोडून आलेल्या कुटुंबांकडून. सन १८१२ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतून कांहीं तरुण मिशनरी आपल्या नवविवाहित बायकांसह हिंदुस्थानास निघाले. त्यांत सामुएल न्यूएल व त्याची बायको हॅरिएट हीं होतीं. निघतांना हॅरिएटचें वय अवघें अठरा वर्षांचें होतें. कलकत्त्यास पोंचल्यावर कंपनी सरकारनें त्यांस राहूं दिलें नाहीं, म्हणून हें जोडपें मॉरिशस बेटाकडे निघालें. वाटेंत समुद्रावरच बाळ जन्मलें आणि समुद्रावरच तें वारलें. पुढें त्याच वर्षीं नोव्हेंबरच्या ३० तारखेस हॅरिएटहि त्या बेटावर मरण पावली. ज्या लोकांसाठीं ती निघाली होती त्यांत एक दिवसहि काम करणें तिच्या नशिबीं आलें नाहीं.

तिचे सोबती गॉर्डन हॉल व सामुएल नॉट हे ता. ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं मुंबईस उतरले, आणि अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ झाला. नॉट व त्याची बायको रोक्साना यांस प्रकृतीमुळें सन १८१५ मध्यें परत जावें लागलें. हॉल तेरा वर्षें टिकला व १८२६ च्या मार्चांत, नाशिकाकडील फेरींत असतां, महामारीनें मेला. आपल्याच जिल्ह्यांत वाशीम येथें १९३८ सालीं जें रेनल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालें, तेंहि दूर देशांहून आलेल्या सेवकांच्या श्रमानें उभें राहिलें.

म्हणून परदेशीं जाणारें कुटुंब कांहीं नवल करीत नाहीं. आपणांवर जें ऋण आहे त्याचा एक हप्ता तें फेडीत असतें.

२. नाशिकाहून गेलेलीं कुटुंबें

कोणी म्हणेल, "तीं गोऱ्या लोकांचीं कुटुंबें, त्यांच्या पाठीशीं पैसा होता. आपल्या मुलखांतून कोण गेलें?" तर ऐका. आपल्या मुलखांतून जीं गेलीं तीं श्रीमंत तर नव्हतींच. तीं एके काळीं गुलाम होतीं.

गेल्याच्या मागल्या शतकांत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून मुलेंमाणसें पकडून अरबी समुद्रांतून विकावयास नेत असत. इंग्रजांचीं लढाऊ जहाजें अशीं गलबतें अडवून त्यांतील लोकांस सोडवीत, व त्यांतलीं पुष्कळ मुलें मुंबईस आणून सोडीत. चर्च मिशनरी सोसायटीनें नाशिकाजवळ शरणपूर नांवाचें ख्रिस्ती गांव वसविलें होतें. तेथें या मुलांसाठीं एक आश्रम होता. त्यांत मुलांस वाचणें-लिहिणें व हुन्नर शिकवीत. जें शरणपूर आज नाशिक शहरांत मिळून गेलें आहे व ज्याच्या नांवाचा रस्ता तेथें सर्वांस ठाऊक आहे, तेंच हें.

याच आश्रमांतले विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर हे दोघे सन १८६४ मध्यें आपापल्या बायकांसह मोंबासाजवळील रबई येथें गेले. तेथें योहान रेबमान हा जर्मन मिशनरी १८४६ पासून काम करीत होता, पण फळ फार थोडें दिसलें होतें. त्याच्या आधीं आलेला क्राप्फ यानें तर १८४४ सालीं, मोंबासास येऊन थोडे महिने होतात तों, आपली बायको व नवजात मुलगी त्या भूमींत पुरली होती. अशा कठीण जागीं हीं नाशिककर जोडपीं गेलीं. पुढें झांजीबारच्या सुलतानाशीं १८७३ त गुलामांच्या व्यापाराविरुद्ध तह झाल्यावर शरणपूरच्या आफ्रिकी ख्रिस्ती लोकांपैकीं सुमारें दीडशें जण मोंबासास गेले, आणि १८७५ त तेथें फ्रेरेटाउन हें गांव वसलें. गुलाम पकडणारे येतांना दिसले म्हणजे तेथील घंटा वाजवीत. त्या घंटेवरून त्या जागेस आजहि केंगेलेनी म्हणतात. तिकडच्या भाषेंत केंगेले म्हणजे घंटा.

वाचकहो, येथें तीन गोष्टी ध्यानांत घ्या.

पहिली गोष्ट भाषेची. हे लोक आफ्रिकेंतच जन्मलेले. तेव्हां ते तेथें घरच्यासारखे मिसळतील असें पुष्कळांस वाटलें. पण बाळपणची बोली अनेकजण विसरले होते. त्यांची चाल, पोषाख व बोलणें हिंदुस्थानांतलें झालें होतें. तेथील लोक त्यांस परके समजत व "बॉम्बे आफ्रिकन" हेंच नांव त्यांस पडलें. जन्मभूमीस परत जाणाऱ्यांसहि पुन्हां शिष्य होऊन भाषा शिकावी लागली. मग जो केवळ परका आहे त्यानें भाषेचा कंटाळा करून कसें चालेल?

दुसरी गोष्ट धैर्याची. १८८५ सालीं बिशप हॅनिंग्टन यानें जोन्स व सेमलर यांस डीकनपदाची दीक्षा दिली, आणि त्याच वर्षीं जोन्स यास बरोबर घेऊन तो युगांडाकडे निघाला. शेवटच्या मजलेस बिशप थोडी माणसें घेऊन पुढें गेला व बाकीचा तांडा जोन्सच्या हवालीं केला. ऑक्टोबराच्या अखेरीस बिशप मारला गेला. जोन्सनें उरलेल्या लोकांस शेंकडों मैल चालवीत १८८६ च्या फेब्रुवारींत रबईस परत आणलें. त्यांच्या निशाणावर एकच शब्द होता : ईखाबोद. तो शब्द कोठला व त्याचा अर्थ काय, हें बुधवारच्या वाचनांत पाहा. पण त्या दुःखानंतर जोन्स घरीं बसला नाहीं. धन्यांच्या जुलमास कंटाळून पळालेले गुलाम रबईस येत. त्यांस तो आश्रय देई. त्यामुळें धनी लोक चवताळले व मोठा दंगा होईल अशी भीति उत्पन्न झाली. शेवटीं १८८९ च्या आरंभीं ब्रिटिश कंपनीनें पैसे भरून रबई वगैरे ठिकाणच्या चौदाशेंच्या वर माणसांस मुक्तिपत्रें दिलीं. जो लहानपणीं स्वतः सोडविला गेला, तो अशा रीतीनें इतरांचा आसरा झाला. गुरुवारचें फिलेमोनास पत्र हें ध्यानांत ठेवून वाचावें.

तिसरी गोष्ट दुःखाची आहे, पण ती झांकून ठेवणें बरें नव्हे. या लोकांनीं युरोपियन कामकऱ्यांच्या बरोबरीनें, कधीं त्यांहून अधिक काम केलें. तरी पगार व मान त्यांस कमीच मिळे, आणि त्यामुळें त्यांच्या व मिशनच्या मध्यें वारंवार वितुष्ट आलें. आणखी असें कीं, जोन्सचें व सेमलरचें नांव इतिहासांत आहे, पण त्यांच्या बायकांचा उल्लेख त्यांत क्वचित्‌च येतो. घर त्यांनींहि सोडलें होतें. कुटुंब पाठवावयाचें म्हणजे एका माणसास पाठवून त्याच्यामागें बायकोमुलांस सामानासारखें लावून देणें नव्हे.

३. अक्विला व प्रिस्किल्ला

पवित्र शास्त्रांत या विषयाचा उत्तम कित्ता म्हणजे अक्विला व प्रिस्किल्ला. अक्विला पंत येथला. रोमांतून घालवून दिल्यामुळें तो बायकोसह करिंथास आला, तेथून इफिसास गेला, व पुढें त्यांचें घर पुन्हां रोमांत दिसतें. जेथें तीं गेलीं तेथें तंबू करण्याचा धंदा त्यांच्याबरोबर गेला. त्यांच्या घरांत मंडळी जमे. अपुल्लोसास त्यांनीं अधिक नीट शिकविलें, तेंहि सभेंत त्याचा पाणउतारा न करितां, आपणांकडे बोलावून. शास्त्रांत त्यांचीं नांवें नेहमीं जोडीनेंच येतात, व पुष्कळदां बायकोचें नांव आधीं येतें. पाचारण दोघांस, श्रम दोघांचे, आणि दार दोघांनीं उघडलेलें.

४. निघणाऱ्यांची तयारी

(अ) एकमत. नवऱ्यास स्वप्न पडलें म्हणून बायकोनें मान डोलाविली, हें एकमत नव्हे. तिला आपली भीति मोकळेपणीं सांगूं द्यावी. ती नको म्हणत असेल तर थांबावें. जो देव एकास बोलावितो तो दुसऱ्यासहि बोलावूं शकतो.

(ब) हिशेब. बुरूज बांधणारा आधीं बसून खर्चाचा अंदाज करितो, असें प्रभूनें शिकविलें. सोसायटीचें पीककर्ज, दुकानाची उधारी, हातउसने पैसे हें सर्व फेडूनच निघावें. शेत बटईनें द्यावयाचें तर कागद करून द्यावें. म्हाताऱ्या आईला कोण पाहील, हें भावांशीं बोलून पक्कें ठरवावें. आईबापांस टाकून केलेल्या अर्पणाविषयीं प्रभु काय म्हणाला, तें मार्क ७:९-१३ मध्यें वाचावें.

(क) जवळची परीक्षा. समुद्रापलीकडे जाण्याआधीं एक पावसाळा मेळघाटांत कोरकू लोकांत राहून पाहावें. तेथें मराठी पुरत नाहीं; लोकांची बोली शिकावी लागते. पावसांत वाटा कठीण होतात आणि शेजारी परके असतात. जो तेथें आनंदानें राहिला तो पुढें टिकण्याची आशा. जो तेथेंच कुरकुरला त्याला परदेशची आगबोट किंवा विमान बदलून टाकणार नाहीं.

(ड) हुन्नर व खरेपणा. शिवण, सुतारी, शुश्रूषा, शाळेचें काम, शेती, यांपैकीं एक तरी विद्या दोघांच्याहि हातीं असावी. पासपोर्ट व व्हिसाच्या कागदांत जें खरें तेंच लिहावें. खोटें कारण सांगून देशांत शिरलेला मनुष्य सत्याची साक्ष कोणत्या तोंडानें देईल? आफ्रिकेंतल्या ज्या देशांत पिवळा ताप आहे तेथें जाणाऱ्यांनीं त्याची लस निदान दहा दिवस आधीं टोंचून दाखला घ्यावा. हिंवतापासाठीं मच्छरदाणी व डॉक्टरचा सल्ला हीं विसरूं नयेत. औषध घेणें हा अविश्वास नव्हे.

(इ) मुलें. मुलांस फसवून नेऊं नये. कोठें जातों व कां जातों, हें त्यांस समजेल अशा शब्दांत सांगावें. त्यांची शाळा कोणत्या भाषेंत होईल हें आधीं ठरवावें, आणि घरांत मराठी वाचन चालू ठेवावें, म्हणजे आजीस पत्र लिहितां येईल व परत आल्यावर तीं आपल्याच गांवांत परकीं होणार नाहींत. शरणपूरच्या मुलांचें काय झालें तें वर पाहिलेंच आहे.

५. पाठविणाऱ्यांचें काम

अंत्युखियाच्या मंडळीनें उपास व प्रार्थना करून बर्णबा व शौल यांजवर हात ठेविले, तेव्हां कामाचा अर्धा भार आपल्या डोक्यावर घेतला. निरोपाच्या दिवशीं हार घालणें सोपें आहे. तिसऱ्या वर्षीं पत्राचें उत्तर देणें कठीण. म्हणून मुष्टिफंडाचें गाडगें प्रत्येक घरीं ठेवावें, आणि जमेल तें महिन्याच्या महिन्यास पाठवावें. त्यांचीं पत्रें उपासनेंत मोठ्यानें वाचावीं. त्यांच्या आईच्या घरीं पेरणीच्या व वेंचणीच्या वेळीं दोन हात मदतीस जावे. योहानाचें तिसरें पत्र याच गोष्टीचें आहे.

आणि तीं परत आलीं तर? आजारानें, मुलांच्या काळजीनें किंवा परवाना न मिळाल्यानें कुटुंब वर्षभरांत परत येऊं शकतें. नॉट परत गेला म्हणून मराठी मिशन बंद पडलें नाहीं. हॅरिएट पोंचलीच नाहीं, तरी तिचें निघणें देवानें मोजलें. परत आलेल्यांस "काय झालें तुमच्या पाचारणाचें?" असें टोमणे न देतां भाकरी वाढावी व विसावा द्यावा.

विचारासाठीं प्रश्न

१. आपल्या गांवीं सुवार्ता प्रथम कोणीं आणली? त्यांच्या घरच्यांनीं काय सोसलें असेल?
२. पाचारण झालें आहे किंवा घरच्या अडचणींपासून पळ काढावयाचा आहे, हें मनुष्यानें कसें ओळखावें?
३. ज्यांस आपण पाठवितों त्यांस आपण बरोबरीचा मान देतों काय?
४. आपल्या मंडळींतून आज एक कुटुंब निघालें, तर दरमहा किती देतां येईल? पाटीवर आंकडा लिहा.

उपदेशकांस सूचना : चौथा प्रश्न टाळूं नये. त्याचें उत्तर मिळेपर्यंत वर्ग सोडूं नये. मग जाण्यास जें सिद्ध आहेत, ज्यांस जातां येत नाहीं, आणि ज्यांचीं मुलें दूर आहेत अशीं जीं म्हातारीं आईबापें, त्या सर्वांसाठीं नांवें घेऊन प्रार्थना करावी.