थंडीत उसाच्या रोपांसाठी उबदार खोली



सुरू उसाची लागण १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी या मुदतीत करावयाची, आणि नेमकी थंडीही त्याच वेळी पडते. उसाचा डोळा २८ ते ३२ अंश सेल्सिअस उष्णतेत झपाट्याने फुटतो. पारा २० च्या खाली गेला की उगवण रेंगाळते, आणि रेंगाळलेला डोळा मातीत कुजतो. साडेचार फुटी सरीत दोन फुटांवर रोप लावले तर एकरी ४८४० रोपे लागतात, म्हणजे पन्नास खणांचे ९७ ट्रे. त्यांतला पाचवा हिस्सा उगवला नाही तर जवळजवळ हजार रोपांची तूट येते. नांग्या भरायला रोपे मिळत नाहीत आणि ही तूट पुढे वजनकाट्यावर दिसते.

म्हणून ट्रे भरल्यावर ते एकावर एक रचून, झाकून, चार ते सहा दिवस उबदार व दमट जागी ठेवावे लागतात. कोंब दिसले की ट्रे बाहेर काढावेत. बरेच सभासद यासाठी गोठ्यात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये आडोसा करतात. पण नुसता आडोसा पुरत नाही. का, ते समजून घेऊ.

दव कशामुळे धरते?

गरम हवा पाणी जास्त धरते. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते, तर १० अंशांच्या हवेत जेमतेम साडेनऊ ग्रॅम. खोलीत २८ अंश उष्णता आणि ९० टक्के दमटपणा असेल, तर २६ अंशांच्या आसपास थंड असलेल्या कोणत्याही वस्तूवर पाणी सुटते. बाहेर १० अंश असताना उघडा पत्रा आतूनही पंधरा-सोळा अंशांचाच राहतो. मग छतावरून थेंब टपकतात, ट्रे चिंब होतात आणि बुरशी येते. उष्णता जाते ती वेगळीच.

दहा फूट लांब, आठ फूट रुंद, सात फूट उंच खोलीचा हिशेब बघा. भिंती व छत मिळून ३३२ चौरस फूट होतात. नुसता पत्रा असेल तर अठरा अंशांचा फरक राखायला सुमारे तीन किलोवॅट उष्णता लागते, म्हणजे बारा तासांच्या रात्रीला ३६ युनिट. दोन इंच थर्माकोल लावला तर किलोवॅटच्या तिसऱ्या हिश्श्यात, चार युनिटांत भागते. जमीन आणि दार यांतून जाणारी ऊब यात धरलेली नाही.

थर्माकोल दोन इंचच का? एक इंचात भिंत आतून पावणेसव्वीस अंशांपर्यंत उतरते व पाणी सुटते. दोन इंचात ती साडेसव्वीसच्या वर राहते. निफाडसारख्या ठिकाणी पारा पाच अंशांखालीही जातो, तिथे तीन इंच लावावा. उलट विरारजवळच्या चंदनसारसारख्या किनारपट्टीच्या गावात रात्रीचा पारा सहसा सतरा-अठराच्या आसपास थांबतो, तिथे एक इंच पुरेल. आपल्या गावची थंडी बघून जाडी ठरवावी, शेजाऱ्याचे पाहून नव्हे.

बांधणी कशी करावी?

१. शेडच्या भिंतीपासून अर्धा फूट अंतर सोडून लाकडी किंवा बांबूचा सांगाडा उभा करावा. या फटीतून हवा खेळती राहते व बाहेरचा भाग वाळतो.

२. सांगाड्यावर एक-एक इंचाचे दोन थर बसवावेत. वरच्या थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येऊ देऊ नये.

३. प्लास्टिकचा कागद थर्माकोलच्या आतल्या, म्हणजे उबदार बाजूने लावावा. जोड वीतभर एकमेकांवर घेऊन चिकटपट्टीने बंद करावेत. हा कागद बाहेरून लावला तर बाष्प आत शिरून अडकते. ओला झालेला भराव ऊब धरत नाही.

४. छताला एका बाजूस उतार द्यावा, म्हणजे थेंब सुटलाच तर ट्रेवर न पडता भिंतीकडे ओघळेल.

५. जमिनीवर प्लास्टिक, त्यावर विटा व फळ्या टाकून ट्रे रचावेत. दाराला दुहेरी पडदा हवा.

थर्माकोल परवडत नसेल तर भाताचे कोरडे तूस चार इंच जाडीने भरावे. आंब्याची आढी पेंढ्यात ऊब धरते ती याच न्यायाने. मात्र तूस कोरडेच हवे आणि उंदरांवर लक्ष हवे.

ऊब व दमटपणा

विजेच्या हीटरजवळ पाण्याचे घमेले ठेवावे. एक साधा व एक ओल्या फडक्याचा असे दोन थर्मामीटर शेजारी टांगावेत. दोहोंत दीड अंशाचा फरक असेल तर दमटपणा ९० टक्क्यांच्या आसपास आहे असे समजावे. कोंब श्वास घेतात, म्हणून दुपारी ऊन असताना दहा मिनिटे दार उघडावे.

सावधान! बंद खोलीत कोळशाची शेगडी कदापि ठेवू नये. तिचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि आत गेलेला माणूस बाहेर येत नाही. रात्री राखणीला कोणी या खोलीत झोपू नये. थर्माकोल झटकन पेट घेतो, म्हणून हीटर भिंतीपासून दूर ठेवावा. ओल्या जागेत वीज असल्याने गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच जाणकार वायरमनकडून बसवून घ्यावा.

एक गैरसमज

ही खोली म्हणजे बेणे प्रक्रिया नव्हे. गवताळ वाढीसारख्या रोगांवरची बाष्पयुक्त उष्ण हवेची प्रक्रिया ५४ अंशांवर, ९५ ते ९९ टक्के दमटपणात, अडीच तास करतात. तिला खास यंत्र लागते. घरच्या खोलीत तो प्रयोग केला तर डोळेच मरतील. खोली चांगल्या बेण्याला साथ देते, रोगट बेणे सुधारत नाही. तेव्हा बेणे त्रिस्तरीय बेणे मळ्यातलेच घ्यावे, बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवावे, आणि मगच ट्रे भरावेत.

खोली डिसेंबरपूर्वीच उभी करून दोन रात्री रिकामी चालवून पाहावी. पहाटे हात फिरवून भिंत कोरडी लागली की ट्रे आत घ्यावेत. अडचण आल्यास आपल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याशी संपर्क साधावा.

— ऊस विकास अधिकारी