चूल पुन्हा पेटताना

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी माळीण नावाचे लहानसे गाव होते. घरांना लागून गोठे आणि उतारावर भाताची खाचरे. गावातले बहुतेक लोक महादेव कोळी समाजाचे.

तारीख होती 30 जुलै 2014. आदल्याच दिवशी रमजान ईद झाली होती. मुसळधार पाऊस कोसळत होता. सकाळी डोंगराचा उतार सुटला आणि चिखल, दगड, झाडे यांचा लोंढा गावावर आला. एस. टी. बसचा चालक तेथे पोहोचला, तर समोर गावच नव्हते! दीडशेहून अधिक माणसे ढिगाऱ्याखाली गेली. कामासाठी किंवा शिक्षणासाठी बाहेरगावी असलेले काही जण वाचले.

मुलांनो, वाचलेल्या माणसाला आधी काय लागते? तुम्ही म्हणाल, घर. खरे आहे. लोकांनी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले. मग जवळच आमडे येथे पक्की घरे बांधली गेली. एप्रिल 2017 मध्ये लोकांना ती मिळाली. पण चुलीवर काय ठेवायचे?

धान्य येते खाचरातून. खाचर म्हणजे नुसता जमिनीचा तुकडा नव्हे. उतारावर दगडांचा बांध घालायचा, त्यामागे माती अडवायची, पाणी साठेल अशी ती सपाट करायची. आजोबांनी बांध घालावा, वडिलांनी माती भरावी, तेव्हा नातवाला चांगले पीक मिळते. अशा खाचरावर दरड पसरली, की वर राहतात दगड आणि मुरूम. दगड यंत्राने काढता येतात. गाडली गेलेली सुपीक माती एका वर्षात परत येत नाही. त्यासाठी शेणखत हवे. शेणखतासाठी गुरे हवीत, आणि गुरे तर गोठ्यासकट गेलेली!

दुसरी अडचण कागदांची. (जमीन, कागद, दाखला हे शब्द तर तुमच्या ओळखीचेच आहेत.) सातबारा वडिलांच्या नावावर आणि वडील दरडीत गेलेले. मग मृत्यूचा दाखला आणा, वारसनोंद करा, रेशनकार्ड नवे काढा. एकेका कागदासाठी तालुक्याला खेप घालावी लागते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. मदत देताना हा खर्च सहसा कोणी मोजत नाही.

या डोंगरांतल्या घरांना आणखी एक आधार असतो, तो हिरड्याचा. युनानी हकीम त्याला हलेला म्हणतात. उन्हाळ्यात त्याची कोवळी फळे गोळा करून वाळवतात आणि विकतात. पेरणीच्या आधी हातात रोख पैसा येतो तो असा. दरडीबरोबर गेलेल्या हिरड्याच्या जागी नवे रोप लावले, तर फळासाठी कित्येक वर्षे थांबावे लागते. म्हणून शेजारच्या डोंगरावर उरलेले एकेक झाड मोलाचे. सकाळी पाटी घेऊन बायामाणसे तिकडे निघतात आणि अंगणात हिरडा वाळत पडतो.

शब्दार्थ
खाचर – बांध घातलेले भाताचे शेत
मुरूम – भरड, नापीक माती
वारसनोंद – मृताची जमीन वारसाच्या नावावर लिहिणे

स्वाध्याय
1. खाचर कसे तयार होते?
2. ‘मजुरी बुडते’ असे लेखक का म्हणतो?
3. तुमच्या घरातील कोणते कागद जपून ठेवले आहेत, ते घरी विचारा व लिहा.