कुंपणाआधी पेरणी : थायलंडच्या गांजाचा धडा



या वेळच्या पाठाचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावतील. विषय आहे गांजा. परंतु हा पाठ गांजा पिकवण्याचा नाही आणि केवळ व्यसनाच्या निषेधाचाही नाही. थायलंड देशाने २०२२ साली गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि २०२५ साली पुन्हा त्याला कडक नियमांनी बांधले. या तीन वर्षांत तेथील लहान शेतकऱ्याचे काय झाले आणि गावाच्या आरोग्याचे काय झाले, हे आपण पाहणार आहोत. उद्या आपल्याकडे कोणी नवे पीक आणि नवा कायदा घेऊन आला, तर ही माहिती उपयोगी पडेल.

१. यादीतून वगळणे म्हणजे काय?

थायलंडमध्ये गांजा नवा नाही. तेथील जुन्या वैद्यकात तो औषधांत पडत असे आणि काही ठिकाणी नूडल्सच्या रश्शात त्याची पाने चवीला घालत. पुढे कायद्याने तो अमली पदार्थ ठरला आणि जवळ बाळगणाऱ्याला तुरुंग दाखवू लागला.

२०१८ च्या डिसेंबरात तेथील विधिमंडळाने औषधी उपयोगासाठी गांजाला मान्यता दिली. आग्नेय आशियात असे करणारा तो पहिला देश. २०१९ च्या निवडणुकीत भूमजाईथाई नावाच्या पक्षाने घरटी सहा रोपे लावू देण्याचे आश्वासन दिले. या पक्षाचे बळ मुख्यतः ईशान्येकडील बुरीराम व आसपासच्या भागात आहे. भात आणि कसावा पिकवणारा, पावसावर अवलंबून असलेला हा प्रदेश. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला हे आश्वासन गोड वाटले यात नवल नाही. पक्षाचे नेते अनुतिन चार्नविराकुल आरोग्यमंत्री झाले आणि ९ जून २०२२ रोजी गांजाचे झाड अमली पदार्थांच्या यादीतून वगळण्यात आले. केवळ ०.२ टक्क्यांहून अधिक टीएचसी असलेला अर्क यादीत राहिला. टीएचसी म्हणजे गांजातील नशा आणणारे द्रव्य. गांजाच्या गुन्ह्यांत अडकलेले तीन हजारांहून अधिक कैदी सुटले. घरोघर वाटण्यासाठी दहा लाख रोपांची घोषणा झाली. लागवडीची नोंदणी मोबाइलवर होती. दहा लाखांहून अधिक लोकांनी ती केली.

येथे एक भेद नीट समजून घ्यावा. शिक्षा काढून टाकणे हे एक काम आणि नियम घालून देणे हे दुसरे काम. कोणी लावावे, किती लावावे, कोणाला विकावे, तपासणी कोणी करावी, हे दुसऱ्या कामात येते. थायलंडने पहिले काम एका दिवसात केले आणि दुसरे राहून गेले. नियमांचे विधेयक संसदेत मांडले गेले होते. ते पुरे होण्याआधीच २०२३ च्या मार्चमध्ये संसद विसर्जित झाली. फाटक उघडले, पण कुंपण घातलेच नव्हते.

२. मोकळ्या रानात काय घडले?

यादीतून वगळल्यानंतर आठवडाभरातच सरकारची धावपळ सुरू झाली. वीस वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांना गांजा विकू नये असा आदेश निघाला. बँकॉकच्या नगर प्रशासनाने आपल्या शाळा गांजामुक्त जाहीर केल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये यंत्रातून व इंटरनेटवरून विक्रीला आणि जाहिरातीला बंदी झाली. आदेश निघत गेले, पण मूळ कायदाच नसल्याने अंमलबजावणी ढिली राहिली. ज्याला आपण ठिगळे लावणे म्हणतो, तसा हा प्रकार होता.

दरम्यान बँकॉक, फुकेत, पट्टाया येथे दुकानांची रांग लागली. देशभरातील परवानाधारक दुकाने दहा हजारांच्या पुढे गेली. सरकारचे बोलणे औषधाचे होते. बाजार मात्र परदेशी प्रवाशांच्या मौजेवर उभा राहिला.

शेतकऱ्याची गोष्ट आणखी निराळी झाली. गांजाची नर व मादी झाडे वेगळी असतात. भाव मिळतो तो मादी झाडाच्या बी न धरलेल्या फुलाला. शेजारच्या रानातून नराचा पराग आला की फुलात बी धरते आणि मालाची किंमत उतरते. पावसाळी दमट हवेत फुलाला बुरशी लागते. हे झाड जमिनीतील कॅडमियमसारखे जड धातूही शोषून घेते. म्हणून औषधासाठी माल घेणारा धातू, बुरशी आणि कीटकनाशकांचे अंश यांची तपासणी मागतो. म्हणजे ज्याच्याकडे बंद खोली, दिवे, थंड हवेची यंत्रे आणि प्रयोगशाळेचा खर्च करण्याची ऐपत आहे, त्याचेच फूल बाजारात उजवे ठरते. उघड्या रानात दहा-वीस झाडे लावणारा मागे पडतो.

त्यात सगळ्यांनीच एकदम लागवड केली आणि परदेशातूनही चोरटा माल आला. भाव कोसळले. कांद्याच्या वा टोमॅटोच्या भावाने पोळलेल्या आपल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की कांद्याला भाव नसला तरी तो घरात खाता येतो.

३. नियम कडक करण्याचा वाद

२०२३ साली सरकार बदलले. २०२४ च्या मे महिन्यात पंतप्रधान स्रेत्ता थाविसिन यांनी गांजा पुन्हा अमली पदार्थांच्या यादीत घालण्याचे जाहीर केले. शेतकरी व दुकानदार रस्त्यावर उतरले. आघाडीतील भूमजाईथाई पक्षही विरोधात गेला, आणि जुलैमध्ये सरकारने पवित्रा बदलून यादीऐवजी कायद्याने नियंत्रण आणण्याचे ठरवले. २०२५ च्या जूनमध्ये भूमजाईथाई पक्ष सरकारातून बाहेर पडला. त्यानंतर आठवडाभरात आरोग्यमंत्री सोमसाक थेपसुतिन यांच्या सहीचा नवा आदेश निघाला. २६ जून २०२५ पासून गांजाचे फूल चिठ्ठीशिवाय विकता येणार नाही असे ठरले. चिठ्ठी डॉक्टर, पारंपरिक वैद्य, औषधनिर्माते अशा नोंदणीकृत व्यक्तींनीच द्यायची आणि एका वेळी तीस दिवसांपुरतीच. दुकानाने मालही उत्तम लागवड व काढणी पद्धतीचे सरकारी प्रमाणपत्र असलेल्या शेतावरूनच घ्यायचा. गांजा पुन्हा यादीत घालण्याचा आपला विचार असल्याचेही त्या मंत्र्यांनी बोलून दाखवले. मग सप्टेंबरमध्ये वारा पुन्हा फिरला आणि गांजा मोकळा करणारे अनुतिन स्वतःच पंतप्रधान झाले.

या वादात दोन्ही बाजू ऐकून घेण्याजोग्या आहेत.

नियम कडक करा म्हणणाऱ्यांत डॉक्टर, शिक्षक आणि पालक आहेत. मुलांच्या हाती गांजा घातलेल्या गोळ्या-बिस्किटे पडतात, तरुणांत वापर वाढतो, आणि प्रवाशांच्या सामानातून माल परदेशी जातो, असे ते म्हणतात. शेवटचा मुद्दा आपल्या दाराशी आला आहे. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या पेट्यांत पाण्यावर वाढवलेला, म्हणजे हायड्रोपोनिक, गांजा मुंबई विमानतळावर कस्टम्सने अनेकदा पकडला आहे.

विरोध करणाऱ्यांत शेतकरी, लहान दुकानदार आणि काही रुग्ण आहेत. त्यांचे म्हणणे असे : सरकारने सांगितले म्हणून आम्ही कर्ज काढले, शेडी उभारल्या. आता माघार घ्याल तर आमचे नुकसान कोण भरून देणार? बंदीने वापर थांबत नाही. धंदा केवळ अंधारात जातो आणि गरीबच तुरुंगात जातो. प्रमाणपत्राची अटही मोठ्या कंपनीला सोपी आणि लहान शेतकऱ्याला जड आहे.

आमच्या मते पुन्हा तुरुंगाकडे वळणे हा उपाय नव्हे. रोग्याला आणि पोटासाठी राबणाऱ्याला गुन्हेगार करून समाज सुधारत नाही. परंतु चिठ्ठी, वयाची अट, तपासणी आणि जाहिरातबंदी ही बंधने योग्यच आहेत. ती २०२२ च्या जूनआधी यायला हवी होती. उशिरा आलेले कुंपण वाटेत उभ्या राहिलेल्या पिकावरूनच जाते. थायलंडात ते लहान शेतकऱ्याच्या पिकावरून गेले.

४. आरोग्याच्या दृष्टीने

‘झाडपाला आहे, त्याने काय होते?’ असे म्हणणारे आपल्याकडेही आहेत. धोतराही झाडपालाच आहे.

गांजातील काही द्रव्यांचा औषधी उपयोग सिद्ध झाला आहे. लहान मुलांच्या काही दुर्धर अपस्मारांत सीबीडी या नशा न आणणाऱ्या द्रव्याचा उपयोग होतो. कर्करोगाच्या औषधांनी होणारी मळमळ आणि चेतासंस्थेच्या एका आजारात येणारा स्नायूंचा ताठरपणा यांवरही गांजापासून बनवलेली औषधे आहेत. परंतु ही मोजून दिलेली औषधे आहेत. चिलमीत भरलेला गांजा म्हणजे औषध नव्हे.

अपाय पुढीलप्रमाणे ध्यानात ठेवावेत :

(अ) पंचविशीपर्यंत मेंदूची वाढ चालू असते. त्या वयातील नेहमीच्या वापराने स्मरण, लक्ष आणि अभ्यास यांवर परिणाम होतो.

(आ) तीव्र गांजा रोज ओढणाऱ्यांत भ्रम, संशय, कानात आवाज येणे असा मनाचा गंभीर आजार होण्याचा धोका वाढतो. घराण्यात असा आजार असेल तर धोका अधिकच.

(इ) गरोदरपणी घेतल्यास बाळाचे वजन कमी भरू शकते.

(ई) खाण्यातून घेतलेल्या गांजाचा अंमल अर्ध्या तासाने ते दोन तासांनी जाणवतो. ‘अजून काही झाले नाही’ म्हणून माणूस आणखी खातो आणि मग अंथरूण धरतो. लहान मुलाच्या पोटात गेल्यास घरगुती उपाय करीत न बसता त्वरित रुग्णालयात न्यावे आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना खरे सांगावे.

(उ) गांजा घेऊन ट्रॅक्टर, मोटारसायकल वा मळणीयंत्र चालवणे म्हणजे अपघाताला बोलावणे.

व्यसन लागलेल्याला घराबाहेर काढू नये. तो आजारी आहे असे समजून उपचार करावेत.

५. आपल्याकडील जुना आणि नवा कायदा

नियमांविषयीचा हा वाद आपल्या भूमीवर सव्वाशे वर्षांपूर्वीच झाला होता. इंग्रज सरकारने १८९३ साली गांजा, भांग व चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने हजारांवर साक्षी घेतल्या आणि १८९४ साली अहवाल दिला. त्या काळी निमाडात खांडव्याकडे आणि नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात गांजाचे पीक होत असे. आयोगाने सरसकट बंदी सुचवली नाही. लागवडीला परवाना, मालावर कर आणि दुकानांवर मर्यादा असा मार्ग सुचवला. त्या सरकारचा डोळा महसुलावर होता हे खरे. पण मोकळीक आणि नियम हातात हात घालून चालावेत, ही गोष्ट त्या अहवालात आहे.

आज भारतात १९८५ चा अमली पदार्थविषयक कायदा लागू आहे. परवान्याशिवाय गांजाची लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कपाशीत वा उसात चार ओळी लपवून लावल्या तरी गुन्हा तोच. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते : आपल्या जमिनीत दुसऱ्या कोणी असे पीक लावल्याचे कळले, तर पोलिसांना लगेच कळवणे हे जमीनमालकाचे कर्तव्य आहे. जाणूनबुजून गप्प बसणाराही शिक्षेस पात्र ठरतो. जमीन खंडाने वा वाट्याने देणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

राज्य सरकारला तागासारख्या धाग्यासाठी व बियांसाठी परवाना देता येतो. उत्तराखंडाने २०१८ पासून ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेल्या वाणासाठी तसे परवाने दिले आहेत. तेव्हा आपल्याही गावात एखादा दलाल येऊन ‘आता कायदा सुटला, एकरी लाखो मिळतील’ असे सांगेल, हे अशक्य नाही. त्याला चार गोष्टी विचाराव्या : छापील नियम कुठे आहे? माझ्या नावाचा परवाना कोण देणार? माल कोण घेणार, हे लेखी आहे का? तपासणीत माल नापास झाला तर नुकसान कोणाचे? यांपैकी एकाचेही उत्तर ‘नंतर बघू’ असे आले, तर बी हातात घेऊ नये.

कायदा बदलायला एक सही पुरते. कर्ज फेडायला दहा हंगाम लागतात. थायलंडच्या शेतकऱ्याने यासाठी मोजलेली किंमत आपण पुन्हा मोजू नये.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. शिक्षा काढणे आणि नियम करणे यांत काय फरक आहे? आपल्या गावातील दुसऱ्या एखाद्या उदाहरणाने सांगा.

२. सरकारच्या सांगण्यावरून लावलेल्या पिकाचा नियम मध्येच बदलला, तर शेतकऱ्याला भरपाई मिळावी का? कोणी द्यावी?

३. आपल्या वस्तीतील एखादा तरुण गांजाच्या नादी लागला, तर घराने काय करावे आणि शेजाऱ्यांनी काय करावे?