पोराच्या रक्ताचा आजार

ही आमच्या गावातली हकिकत. साल २०१४. घर साधेच. चार एकर कोरडवाहू जमीन. आजा, आजी, आई, बाप, थोरली मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. नावे आम्ही देत नाही. पण घरची माणसे म्हणाली, “गुरुजी, लिहा. कुणाच्या तरी कामी येईल.”

मुलगा दुसरीत होता. आम्ही तेव्हा त्याच शाळेवर होतो. पावसाळा सरला आणि पोरगा मलूल दिसू लागला. प्रार्थनेला उभे राहवेना. मटकन खाली बसायचा. आम्हाला वाटले, आळशीपणा करतो. एकदा रागावून त्याला तासभर उभे केले. ते आठवले की आजही जीव चरचरतो.

घरी त्याला ताप यायचा, जायचा. एका डॉक्टरने सुया टोचल्या. चार दिवस बरे वाटे, पुन्हा ताप. आजीने दृष्ट काढली. देवऋष्याने कोंबडे मागितले, तेही दिले. यात महिना गेला. मग एके दिवशी अंघोळ घालताना आईने पाहिले. मांड्यांवर, पाठीवर निळेकाळे डाग! मार तर कुठे लागला नव्हता. दात घासताना हिरड्यांतून रक्त येई. हाडे दुखतात म्हणून पोर रात्री रडे. तोंड पांढरे फटक पडलेले.

आईने कुणाला विचारले नाही. पोराला कडेवर घेतले आणि पहिल्या एस.टी.ने जिल्ह्याचा सरकारी दवाखाना गाठला. तिथे रक्त तपासले. डॉक्टर म्हणाले, “बाई, मुंबईला परळला टाटा रुग्णालय आहे. उद्याच निघा.” हे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. कर्करोगावर इलाज करण्यासाठीच ते काढले आहे.

मुलाला रक्ताचा कर्करोग झाला होता. हा रोग म्हणजे काय? आपल्या हाडांच्या पोकळीत मऊ मगज असतो. रक्त तिथे तयार होते. रक्तात पेशी असतात. पेशी म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक कण. तांबड्या पेशी अंगाला ताकद पुरवतात. पांढऱ्या पेशी रोगांशी झुंजतात. तिसऱ्या जातीच्या चकत्या जखमेचे रक्त थांबवतात. या रोगात कच्च्या, निकामी पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. शेतात हरळी माजली की ज्वारीला जागा उरत नाही, तसेच हे. तांबड्या पेशी कमी पडल्या, म्हणून पोर फिके आणि मलूल. चकत्या कमी पडल्या, म्हणून डाग आणि रक्त. चांगल्या पांढऱ्या पेशी उरल्या नाहीत, म्हणून ताप हटेना.

हा रोग शिवल्याने होत नाही. एका ताटात जेवल्याने होत नाही. कुणाच्या पापाने किंवा करणीने तर नाहीच नाही. तरीही गावातल्या काहींनी त्या घरचे पाणी पिणे सोडले. शिकलेली माणसेही त्यात होती, हे सांगायला आम्हाला लाज वाटते.

मुंबईत पहिली अडचण राहण्याची. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. कर्करोगाचे रोगी तिथे राहतात. मायलेकरांना तिथे जागा मिळाली. खर्चाचे पुष्कळसे ओझे सरकारी योजनेने उचलले. तेव्हा तिचे नाव राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना असे होते. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात. त्यासाठी तेव्हा रेशनकार्ड बरोबर असावे लागे. बापाने ते घरी ठेवले होते. त्यापायी त्याला एक खेप जास्त पडली. रोग्याला आणि सोबतच्या माणसाला रेल्वेच्या भाड्यातही सवलत असते. दवाखान्यातून कागद तेवढा घ्यावा लागतो.

इलाज सुरू झाला. शिरेतून औषध, पाठीच्या कण्यात सुई, तोंडाने गोळ्या. केस गळले. तोंड आले. पाणीही गिळवेना. पण महिन्याभराने तपासले तर वाईट पेशी दिसेनात! पोरगा हसू लागला. भाकरी मागू लागला.

खरी कसोटी पुढेच होती. चार दिवसांसाठी मायलेकरे गावी आली. आजा म्हणाला, “पोरगं तर बरं झालं. आता कशाला त्या सुया?” बापालाही ते पटले. खळे पडून होते, कर्ज वाढले होते, थोरलीची शाळा सुटू पाहत होती. दवाखान्याने दिलेली तारीख टळली. आई रडत आमच्याकडे आली. आम्ही तिच्याबरोबर घरी गेलो. पण काम आमच्या बोलण्याने झाले नाही. डॉक्टरांनी सांगितलेले तीच सासऱ्याला म्हणाली, “मामंजी, हरळी वरून उपटली, पण काशा जमिनीत ऱ्हायल्यात. दोन-अडीच वर्षं औषध द्यायचं ते त्या काशांसाठी.” म्हातारा गप्प बसला. जन्मभर त्याने हरळीच काढली होती. मग म्हणाला, “अर्धी नांगरट करून कोण सोडतं?” दुसऱ्या आठवड्यात त्याने खोंड विकला.

या औषधांची गोष्टही ऐका. एक औषध सदाफुलीपासून काढतात. होय, आपल्या अंगणातली सदाफुलीच! १९६३ पासून ते वापरात आहे. चिमूटभर औषधाला शेकडो किलो पाने लागतात, आणि मोजमाप जरा चुकले तरी जिवावर बेतते. म्हणून घरी तिचा काढा कुणी करू नये. ती पाने विषारी आहेत. दुसऱ्या औषधामागे आंध्रात भीमावरमला १८९५ साली जन्मलेल्या डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांची मेहनत आहे. त्यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत त्या जातीची औषधे तयार झाली. १९४८ साली ते वारले. त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे.

इलाज चालू असताना पोराला ताप आला तर सकाळची वाट पाहायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. दोनदा तसे झाले. एकदा मध्यरात्री दुधाच्या टेम्पोतून त्याला जिल्ह्याला नेले. दोन्ही वेळा तो वाचला. सगळेच वाचतात असे नाही. शेजारच्या खाटेवर त्याच्याच वयाची एक मुलगी होती. तिचा रोग उलटला आणि ती गेली. तिच्या आईने आपल्याजवळची टोपी या पोराला दिली.

२०१७ च्या उन्हाळ्यात गोळ्या बंद झाल्या. पोरगा शाळेत मागे पडला होता. एक वर्ष पुन्हा त्याच वर्गात बसला. आता तो मोठा झाला आहे, बापाच्या खांद्याला लागतो. वर्षातून एकदा मायलेकरे तपासणीला मुंबईला जातात. जाण्याच्या आदल्या दिवशी ती माउली पत्र्याची पेटी उघडते, फाईल काढते आणि कागद एकेक करून मोजते. रेशनकार्ड सर्वांत वर ठेवते.