लांबी नको, झाकण मोज

मों-सें-मिशेलच्या उपसागरात कामाला निघाली आहेस, तर पहिली गोष्ट कानात ठेव : वाळूच्या नळीत राहून तिथली रीफ रचणाऱ्या किड्याची लांबी मोजायच्या भानगडीत पडू नकोस. सॅबेलारिया अल्व्हिओलाटा तीन-चार सेंटिमीटरचा असतो, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ते खोटं नाही. पण नळीतून बाहेर काढला की हाच किडा तुझ्या देखत आखडतो, ट्रेमध्ये ठेवला की सैल सुटतो आणि फॉर्मॅलिनमध्ये पडला की भलतंच माप दाखवतो. त्यात ती शेपटी. पोटाच्या टोकाला वळ्या नसलेली, गुळगुळीत शेपटी असते. विष्ठा नळीच्या तोंडाशी नेऊन टाकता यावी म्हणून ती पुढे दुमडलेली असते. चिमटा लागला की आधी तीच तुटते. मग लांबी कुठून कुठवर धरायची?

ज्याला आखडता येत नाही, ते मोजायचं. या किड्याच्या डोक्यावर सोनेरी चपट्या काट्यांचं झाकण असतं. ओहोटी लागली की तो आत सरकतो आणि त्या झाकणाने नळीचं तोंड बंद करतो. किडा वाढतो तसं झाकण वाढतं, आणि भीतीने किंवा औषधाने ते लहान होत नाही. पण इथेही गोम आहे. काटे तीन ओळींत असतात, बाहेरच्या ओळीचे शेंडे झिजतात, मोडतात. म्हणून शेंड्यांपासून मोजलेलं माप म्हाताऱ्या किड्यावर अन्याय करतं. तळाच्या मांसल चकतीच्या कडा धर. दुसरं म्हणजे झाकण दोन अर्धुकांचं असतं. मेलेल्या किड्यात ती फाकतात आणि रुंदी उगाच वाढते. त्यापेक्षा एका अर्धुकाची पुढून मागे लांबी घेतलेली बरी. रुंदीच घ्यायची असेल तर प्रत्येक किड्याची रुंदीच घे, मधेच बदलू नकोस. आणि नेमकं काय मोजलं त्याचं चित्र वहीच्या पहिल्या पानावर काढ. नुसतं ‘झाकणाचा व्यास’ लिहून मोकळे होणारे लोक पुढच्याला कोड्यात टाकतात.

माप काही मिलिमीटरचंच असतं, त्यामुळे कॅलिपरचा हट्ट सोड. सूक्ष्मदर्शकाखाली घे, आणि भिंगाची शक्ती बदललीस की स्टेज मायक्रोमीटर पुन्हा लाव. जिवंत किडा वळवळतो, त्याला आधी मॅग्नेशियम क्लोराईडच्या द्रावणात सैल पडू दे. रोज आदल्या दिवशीचे काही नमुने जुने आकडे न बघता पुन्हा मोज. तुझाच हात किती हलतो, ते कळायला हवं.

वजन घ्यायचं असेल तर एक गोष्ट फार कुणी सांगत नाही. पिकलेला किडा नळीतून काढला की बऱ्याचदा तिथल्या तिथे अंडी किंवा शुक्रपेशी सोडून देतो. पोट जांभळट-गुलाबी दिसलं तर मादी, दुधी दिसलं तर नर. दोन मिनिटांपूर्वी भरलेला किडा रिकामा झालेला असतो आणि आपण त्याचंच वजन करत बसतो. शिवाय आतड्यात वाळू असते. म्हणून नुसतं ओलं वजन कुणाला दाखवू नकोस. वाळवून, भट्टीत जाळून, राख वजा करून काढलेलं वजनच धर, आणि अंडी सोडलेले किडे वेगळे लिही. अंडी सोडण्याच्या हंगामातल्या वजनाच्या आकड्यांवर मला तरी फारसा भरवसा वाटत नाही.

किडे बाहेर काढताना घाई नको. नळ्या वाळू आणि शिंपल्यांच्या तुकड्यांच्या, किड्याने स्वतःच्या चिकाने जोडलेल्या, आणि किड्यापेक्षा कितीतरी लांब. रीफचा तुकडा नळ्यांच्या दिशेने बोटांनी उलगड आणि किडा खालून वर ढकल. शेपटी धरून ओढू नकोस. हाताने वेचताना मोठेच किडे डोळ्यांत भरतात. लहान पिल्लं मोठ्या नळ्यांच्या फटीत राहून जातात, आणि मग तुझ्या आलेखात नवी पिढीच दिसत नाही. उरलेला चुरा चाळणीतून धुऊन घे.

सगळेच किडे मारायची गरज नसते. नळीच्या तोंडाचा आतला व्यासही किड्याचा आकार बऱ्यापैकी सांगतो, आणि तो फोटोवरून घेता येतो. कॅमेरा सरळ वरून धर, पट्टी तोंडांच्या पातळीला ठेव. खाली वाळूत ठेवलेल्या पट्टीने माप चुकतं. तोंडाशी बाहेर आलेली ओठासारखी कड सोडून आतली कड मोज, आणि किडा असलेल्या नळ्याच धर. ओस पडलेल्या नळ्या फोटोत हुबेहूब तशाच दिसतात.

मोठा किडा म्हणजे म्हातारा, असं मात्र समजू नकोस. सुरुवातीला वाढ झपाट्याने होते, मग मंदावते, आणि दोन पिढ्यांची मापं एकमेकांत मिसळतात. सागरी प्राणिशास्त्रज्ञ डग्लस विल्सन यांनी कॉर्नवॉलच्या डकपूल किनाऱ्यावरच्या वसाहतींचा १९६१ ते १९७० या काळात मागोवा घेतला. वय सांगायचं तर असं त्याच जागी पुन्हा पुन्हा जावं लागतं.

तू जाणार आहेस त्या उपसागरातली सेंत-आनची रीफ युरोपातल्या सर्वात मोठ्या रीफपैकी एक. ती उधाणाच्या ओहोटीलाच नीट उघडी पडते, आणि ती ओहोटी तिथे दुपारी येते. जेवण आधी उरकून घे. कोकणातल्या उधाणाचा अंदाज तिथे चालणार नाही, तिथे पाणी चौदा मीटरपर्यंत चढतं-उतरतं. ओहोटीची वेळ संपली की परत फिर, एक फोटो राहिला म्हणून थांबू नकोस. चालताना वाळूतून जा, रीफवर पाय देऊ नकोस. युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात रीफना संरक्षण आहे, तेव्हा परवान्याचा कागद निघण्याआधी हातात घे. आणि आठवडाभरात जेवढे किडे खरंच मोजून होणार आहेत, तेवढाच तुकडा तोड.