मडकं वाजवलं, पण ऐकलं नाही

साधं मडकं घेतानाही आपण टिचकी मारून बघतो. आम्ही साडेसहा लाखांची गाडी वाजवून बघितली, बद्द आवाज आमच्या कानांनी ऐकला आणि तरी ती घेतली.

यांच्या निवृत्तीनंतर दोघांनी मनसोक्त फिरायचं ठरवलं होतं. रत्नागिरीकडची एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर मिळाली. आत दोन बिछाने, छोटा ओटा, पाण्याची टाकी. कोल्हापुरातल्या ओळखीच्या मिस्त्रींनी ती खड्ड्यावर घेतली. गार इंजिन एका सेल्फला सुरू झालं. धूर नाही, ऑइलही स्वच्छ. मग ते खाली उतरून हातोडीने चेसी वाजवू लागले. ठण, ठण, ठण... आणि पाण्याच्या टाकीखाली बद्द. स्क्रू ड्रायव्हरने नवा काळा रंग खरवडला, तर गंजाचे पापुद्रे गळून पडले.

"काका, इंजिन एक नंबर हाय. पण हितं पत्रा मारून वर रंग दिलाय. खाऱ्या हवेतली गाडी, नीट विचार करा."

आम्ही घरी आणलं ते फक्त 'इंजिन एक नंबर'. पन्नास हजारांचा विसार आधीच देऊन बसलो होतो, नातवंडांना फोटोही पाठवले होते.

पाचव्या महिन्यात आंबा घाटात मागून करकर ऐकू आली. थांबून बघितलं, तर मागचं दार लागेना. चेसी चिरली होती. दुरुस्तीला पावणेदोन लाख गेले. गंज विम्यात बसत नाही.

म्हणून कळकळीने सांगते, विसार तपासणीनंतरच द्या. आधी द्यावाच लागला, तर 'दोष निघाल्यास परत' असं लिहून घ्या. मिस्त्री आपला न्या आणि त्यांचं म्हणणं खर्चासकट कागदावर उतरवून घ्या. टायर, बॅटरी, क्लच खराब असेल तर खर्च किमतीतून वजा करा. चेसी कुजली असेल तर घासाघीस करूच नका, गाडी सोडा.

कागदही तसेच वाजवून बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सीट काढून बिछाने केले असतील, तर आरसीवर त्याची नोंद हवी. कर्जाचा बोजा उतरला आहे का, तेही बघा.

विसाराचे पन्नास हजार सोडवेनात, म्हणून आमचे पावणेदोन लाख गेले. घाटात गाडी वेगात असती, तर हे सांगायला मी उरले नसते.